हिरवं हेल्मेट

हॅलो? … हो, प्रशिक्षण केंद्रच. कोण हवंय? … ताई? अगं तू? लँडलाइनवर? … मोबाइल कपाटात आहे. परीक्षेच्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल कपाटात. … हो, माझासुद्धा. मी काय आभाळातून पडलेय?

… बरी आहे. … जेवतेय. म्हणजे डबा उघडला आणि तुझा फोन आला. बोल.

… हं. … हं. … हो, गुडघा आता बरा आहे. … ताई, गुडघा झाला, हवा झाली, आता मुद्द्यावर ये. एरवी तुला माझा गुडघा कधी आठवत नाही. जावयाचं आहे ना?

… हो. केलं नापास.

… हो, मीच केलं. इथे वेल कंट्रोलची परीक्षा घेणारी मी एकटीच. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही.

… अगं हळू! कान आहे माझा, भोंगा नाही.

… सुवर्णपदक? माहीत आहे. सगळ्या केंद्राला माहीत आहे. पहिल्या दिवशी ओळख करून देताना सांगितलं. मग चहाच्या वेळी सांगितलं. मग आमच्या वॉचमनलाही सांगितलं, गाडी सावलीत लावू देईना म्हणून. आम्ही त्याला इथे सुवर्णपदकच म्हणतो. … नाही, तोंडावर नाही. तोंडावर मी अहो-जाहो करते. उद्या घरात येणार आहे, एवढं कळतं मला.

… मुद्दाम? मी? … ताई, हा आरोप होणार म्हणूनच मी आधी केंद्राच्या साहेबांकडे गेले होते. म्हटलं, हा मुलगा आमच्या भाचीशी लग्न करणार आहे, दुसरा परीक्षक बोलवा. साहेब हसले. म्हणाले, बाई, तुम्ही सख्ख्या आईलाही नापास कराल, घ्या बिनधास्त.

… त्यात कौतुक कसलं? आई झाकण वेळेवर बंद करत नसेल तर करीन की नापास.

… ऐक ना. … अगं ऐक ना आधी! तुला सांगितलंय तरी काय त्याने?

… "एका आकड्याची चूक." वा. … "मावशींनी शब्दात पकडलं." वा, वा. … आणि रडला का थोडा? … नाही? मग अर्धवटच सांगितलं म्हणायचं.

… बरं, सांगते. सोप्या भाषेत सांगते. पण मधे "हो का, हो का" करू नकोस, तू असं करतेस तेव्हा तुझं लक्ष नसतं.

हे बघ. तेलविहीर खोदायची म्हणजे जमिनीत लांबच लांब पाइप घालत जायचं. त्या पाइपातून चिखल खाली सोडायचा आणि तो पाइपाच्या बाहेरून वर परत येतो. त्याला आम्ही मड म्हणतो. … हो, चिखलच. तू आयुष्यभर ज्याला नाक मुरडलंस तोच. त्या चिखलाच्या वजनाने खालचा गॅस खाली दबून राहतो. वजन कमी पडलं की गॅस उसळतो. मग वर विहिरीच्या तोंडावर झाकण असतं, ते ताबडतोब बंद करायचं. … हो, कुकरसारखं म्हण. फक्त या कुकरला घाबरून सगळं गाव पळतं.

बंद केलं की दोन काटे बघायचे. एक काटा पाइपाच्या आतला दाब दाखवतो, दुसरा पाइपाच्या बाहेरचा. आतल्या काट्यावरून गणित करायचं, की चिखल किती जड करायचा. मग तो जड चिखल पंपाने आत घालून गॅस बाहेर काढायचा, शांतपणे, हळूहळू. झालं. एवढंच आहे वेल कंट्रोल. त्यासाठी पदक लागत नाही.

… हो, झाकण केलं त्याने बंद. ते मी नाकारलंच नाही. वेळेवर केलं. त्याचे गुण दिलेत मी. मी काय राक्षस आहे?

पुढे ऐक. आतला काटा शून्यावर.

… शून्य म्हणजे शून्य. दाबच नाही. आणि बाहेरचा काटा चांगला वर चढलेला, आणि चढतोच आहे.

… नाही ना! चांगलं नाही! अगं, एक काटा म्हणतो खाली कोणी नाही, दुसरा म्हणतो खाली कोणीतरी दारावर धडका मारतंय. अशा वेळी शहाणं माणूस काय करेल? थांबेल. विचार करेल. याने काय केलं? बाहेरच्या काट्यावर टिचकी मारली. बोटाने. टक, टक. आणि म्हणाला, "हा मीटर नादुरुस्त दिसतोय."

… हसू नकोस… नाही, हस. मीही मनात हसले. पंधरा पोरं मागे बसलेली, त्यांच्यासमोर या महाशयांनी निकाल दिला, मीटर नादुरुस्त.

… कारण पाइपाच्या तळाशी झडप होती, ताई! एकतर्फी झडप. आपल्या जुन्या घरी पाण्याच्या पंपाला खाली होती ना, वर चढलेलं पाणी परत खाली येऊ देत नव्हती? तशीच, फक्त उलटी बसवलेली. चिखल खाली जाऊ देते, वर येऊ देत नाही. मग खालचा दाब पाइपातून वर काट्यापर्यंत येणार कसा? झडप बंद! बंद दाराबाहेर उभं राहायचं आणि आतून आवाज येत नाही म्हणजे घरात कोणी नाही असं ठरवायचं, तसलं हे.

… नाही, लपवलेली नव्हती. … कोण म्हणतं लपवली? तो म्हणाला? … अगं, समोर फळ्यावर पाइपाचं चित्र काढलेलं आहे, त्यात झडप लाल खडूने दाखवलीय. सकाळी मी स्वतः वाचून दाखवलं. तेव्हा हे महाशय खिडकीच्या काचेत भांग बघत होते.

… काय करायला हवं होतं? पंप सुरू करायचा. अगदी हळू, मुंगीच्या पावलाने. काटा चढतो, चढतो, आणि झडप उघडली की क्षणभर अडखळतो. तिथला आकडा तो खरा. मी हे दोनदा शिकवलंय. तिसऱ्या वेळी विचारलं, कोणाला शंका आहे? सुवर्णपदक म्हणालं, "मॅडम, हे बेसिक आहे."

… हो, बेसिकच आहे.

… आता गणिताचं म्हणशील तर गणित उत्तम केलं हं. दाब भागिले खोली, भागिले तो ठरलेला आकडा, मिळवा आधीचं वजन. तोंडी केलं. कॅल्क्युलेटरला हातसुद्धा लावला नाही, वर शेजारच्याला म्हणाला, अजून बटणं दाबतोयस का. फक्त दाबाच्या जागी शून्य घातलं. शून्याला कशानेही भागा, काय येणार? मग उत्तर आलं, चिखल आहे तेवढाच ठेवा, सगळं ठीक आहे. दशांश चिन्हानंतरचे आकडेसुद्धा लिहिलेत. सुबक अक्षर आहे, तेवढं मानते.

आणि मग झाकण उघडलं.

… हो. उघडलं.

… काय होणार? उसळली विहीर. गॅस वर येताना फुगत येतो, जितका वर येईल तितका जास्त फुगतो. पुन्हा बंद करेपर्यंत सगळं आटोपलं.

… हो, खोटंच. खोटी विहीर, कॉम्प्युटरवरची. … नाही, कोणी मेलं नाही. … ताई, म्हणून तर परीक्षा इथे घेतो! खऱ्या विहिरीवर घेतली असती तर निकाल कळवायला कोण राहिलं असतं?

… काय बोललीस? परत बोल. … "चिखलात काम करून तुझं मन दगड झालंय." बरं. छान. … नाही, रागावले नाही. तुझ्या तोंडून चिखल हा शब्द ऐकून बरं वाटलं. तुझ्या व्याह्यांना तू काय सांगितलंस माझ्याबद्दल? "बहीण ऑफिसात असते." तुझ्याच लेकीने, ठकीने सांगितलं मला. पंचवीस वर्षं तेलविहिरीवर, रिगवर घालवली मी, आणि तुझ्या घरी मी ऑफिसात! पाहुणे आले की मला स्वयंपाकघरात पाठवायचीस, हाताला ग्रीसचा वास येतो म्हणून. आज मात्र जावई पास म्हणून सही त्याच हाताची हवी.

… अगं मी कुठे उकरतेय? तूच विषय काढलास.

… काय? भाऊजी? … भाऊजींनी साहेबांना फोन केला? कधी? … अरे वा. म्हणजे मघाशी साहेब माझ्या टेबलाशी येऊन उगाच पेपरवेट फिरवत होते ते त्यासाठी. म्हणाले, "बाई, जरा बघा काही करता येतं का." म्हटलं, येतं. तुम्ही सही करा, मी तुम्हाला पेन देते. तर निघून गेले. पेन न घेता. … नाही, पेपरवेट ठेवून गेले.

… सोमवारी? … हो, माहीत आहे सोमवारी रुजू व्हायचंय. … माहीत आहे गं, दोघांची नेमणूक एकाच रिगवर झालीय. ठकीने सांगितलं. … हो, एकत्र राहतील. … हो, लग्नानंतर लगेच वेगवेगळं नको. … बरोबर आहे तुझं. … हो… हो… ताई, एक विचारू?

ठकी त्या रिगवर काय करते?

… नाही, मला माहीत आहे. तुला विचारतेय. … "टेबलवर्क." कोणी सांगितलं तुला? … "एसी लॅब आहे, चिखलाचे नमुने तपासते." हं. तिने तुला असं सांगितलंय? … हं. आईचा जीव टांगणीला लागू नये म्हणून सांगितलं असेल. माझ्यावरच गेलीय कार्टी. मीही आईला सांगायचे, ऑफिसात असते.

… काही नाही. आधी तुला एक गंमत सांगते. जावयाने तुला खुंट्यांचं सांगितलं का? … भिंतीवरच्या खुंट्या. हेल्मेटं. … नाही? बघ, तेवढंच वगळलं.

इथे आमची एक पद्धत आहे. भिंतीवर खुंट्या, खुंट्यांवर हेल्मेटं. प्रत्येक रंग एका कामाचा. ड्रिलरचं लाल. मनोऱ्यावर उंच चढतो त्याचं निळं. क्रेनवाल्याचं पिवळं. असं सगळं. ज्याच्या हातून विहीर गेली त्याने खुर्चीवरून उठायचं, आणि खऱ्या विहिरीवर जे जे वाचले नसते त्यांची हेल्मेटं स्वतःच्या हाताने उतरवून टेबलावर मांडायची. ज्याच्यापर्यंत गॅस आधी पोचेल त्याचं आधी. एकेकाचं काम मोठ्याने म्हणत. … हो, क्रूर आहे. मीच सुरू केली. मोठे मोठे बाप्ये इथे ढसाढसा रडलेत, आणि पुन्हा कधी चुकले नाहीत.

तुझा जावई उठला. हसत उठला. पहिलं हेल्मेट उतरवलं, हिरवं. क्रम बरोबर होता हं, पाठांतर पक्कं आहे. आणि ते हिरवं हेल्मेट त्याने स्वतःच्या डोक्यावर घातलं. तिरकं. खिडकीच्या काचेत बघितलं आणि पोरांना विचारलं, "कसा दिसतो?"

… अगं थांब. … थांब, "मुलांचा पोरकटपणा" नाही. विचार मला, हिरवं कोणाचं.

विचार ना.

… मड इंजिनिअरचं.

… हो. चिखल तपासते ती. … हॅलो? आहेस ना?

… लॅब आहे, खोटं नाही ते. पत्र्याची खोली आहे. एसीही असेल. पण चिखल विहिरीतून वर येतो तो पहिल्यांदा कुठे येतो? मोठ्या चाळण्यांवर. थरथरत असतात त्या दिवसभर. तिथे उभं राहून ठकी चिखल भांड्यात घेते आणि त्याचं वजन करते. दर थोड्या वेळाने. आणि गॅस आला तर तोही त्याच वाटेने येतो, चिखलाबरोबर, त्याच चाळण्यांवर. तिला कळायच्या आत. म्हणून हिरवं आधी उतरवायचं. ही माझी लहर नाही, ताई.

… ताई? … पाणी पी थोडं. … मी आहे फोनवर.

… नाही, ठकीला माहीत आहे. सगळं माहीत आहे तिला, हुशार आहे ती. पदक नाही मिळालं, पण हुशार आहे.

… काय सांगितलं नाही? … हो, काल फोन आला होता तिचा मला. … नाही गं, "सांभाळून घे" म्हणायला नाही! तुला काय, सगळे तुझ्यासारखेच वाटतात? आधी गप्पा मारल्या. मग म्हणाली, "मावशी, उद्या त्याची परीक्षा आहे ना, मी तिथे चाळणीपाशी उभी आहे असं समजून ती घे." एवढंच. मग म्हणाली, "तो चांगला आहे गं, फक्त त्याला कोणी कधी नाही म्हटलेलं नाही."

… आता सांग. तू सांगशील तसं करते. पेन हातात आहे माझ्या. खरंच आहे. करू सही?

… ऐकू येत नाही. मोठ्याने बोल.

… बरं. नको तर नको. … नाही, रडू नकोस. परत बसेल की परीक्षेला. पुढच्या तुकडीत बसेल, मी काय जन्माची दारं बंद केलीत? … लग्न? लग्न करा की. लग्नाला मी कुठे नाही म्हणते? लग्नात विहीर नसते. … व्याह्यांना सांग, परीक्षक खडूस निघाली. तेवढं खोटं खपेल. आणि ती माझी बहीण आहे हेही सांग. आता लपवून तरी…

एक मिनिट, ताई. दारात कोणीतरी आहे.

… कोण? … या. या ना. … ताई, फोन ठेवू नकोस. तुझं सुवर्णपदक आलंय. … अगं खरंच. … थांब, विचारते.

काय हवंय? … चार्जर? … ताई, चार्जर विसरला म्हणे. मला वाटलं, झडपेचं काही विचारायला आला. माझीच चूक, मी उगाच माणसांकडून आशा ठेवते.

हे बघा, चार्जर तिथे खिडकीत आहे, पळून जात नाही. त्याआधी टेबलावरची ती हेल्मेटं जागेवर लावा. तुम्ही उतरवलीत ना? मग तुम्हीच लावायची. … हो, आता. … नाही, माझी ताई आहे फोनवर. तुमच्या होणाऱ्या सासूबाई. काळजी करू नका, त्या काही बोलत नाहीयेत.

… थांब गं, लावतोय तो. … लाल. … काम म्हणा, मोठ्याने! लावतानाही म्हणायचं असतं. … ड्रिलर. हं. … निळं. डेरिकवाला, मनोऱ्यावरचा. … क्रेन. … भराभर लावतोय, गाडी बाहेर उन्हात आहे ना. … ताई, ऐकू येतंय का तुला? मी फोन जरा पुढे धरते.

आता हिरवं राहिलं. … अहो, ते तसं अडकवू नका. कोणाचं ते?

… "मड इंजिनिअर." बरोबर. पाठ आहे तुमचं. पण मी काम नाही विचारलं आता. कोणाचं ते? सोमवारी तुम्ही ज्या रिगवर जाणार होतात तिथे हे कोणाच्या डोक्यावर आहे?

… ताई, थांब. बोलू नकोस.

… उभा आहे. … हेल्मेट हातातच आहे. आत बघतोय त्याच्या. … आता बसला. जमिनीवरच बसला गं, पँट पांढरी आहे त्याची. … नाही. रडत नाही.

… चार्जर? नाही, चार्जर तिथेच आहे खिडकीत.

… काय विचारलंत? … नाही, ताई, तुला नाही, तो विचारतोय. … हो, झडप तळाशीच होती. या, फळ्यापाशी या. … ते हेल्मेट राहू दे हातात. … ताई, ठेवते मी. डबाही झाकते. आज काही जेवण व्हायचं नाही.